ऑपेरातले झुबिन मेहता राहूनच गेले

संपादक महोदय,
स.न.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) झुबिन मेहता यांच्यावरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मुंबईतला १९३६ चा जन्म, व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्कींकडे शिक्षण, १९५८ ची लिव्हरपूलची संचालनाची स्पर्धा, पुढे मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल इथले वाद्यवृंद हे सगळे त्यात आले. ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, मात्र एका ओळीत उरकला. फ्लोरेन्सच्या माज्जो म्युझिकाले या ऑपेरासंस्थेची धुरा त्यांनी १९८५ पासून तीस वर्षांहून अधिक काळ वाहिली आणि १९९८ ते २००६ या काळात म्युनिकची बव्हेरियन स्टेट ऑपेरा सांभाळली. हा काही जोडधंदा नव्हे.

मैफलीत सगळे वादक संचालकासमोर बसलेले असतात. ऑपेरात वादक रंगमंचापुढच्या खोलगट जागेत (पिटमध्ये), गायक वर रंगमंचावर आणि कधी कोरस, म्हणजे समूहगायक, पार विंगेमागे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवरच्या कोरसला वाद्ये सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतात. त्यावर गायलेला सूर परत यायला तेवढाच वेळ. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ही चूक जवळजवळ अर्ध्या मात्रेची! म्हणून आतल्या कोरसने कानावर विसंबायचे नसते. संचालकाचा हात मॉनिटरवर बघून साहाय्यक किंचित आधी ठोका देतो. पुच्चिनीच्या ‘टोस्का’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात खिडकीबाहेरून येणारे समूहगान याच युक्तीवर तरते.

याच ‘टोस्का’चे जुलै १९९२ मध्ये रोममधल्या मूळ स्थळांवरून, कथेतल्या वेळांनुसार थेट प्रक्षेपण झाले. गायक चर्चमध्ये, राजवाड्यात आणि किल्ल्यावर. मेहता आणि वाद्यवृंद शहरात दुसरीकडेच. मेहतांचा हात गायकांना दिसत होता तो फक्त पडद्यावर. त्यांच्या कारकिर्दीवर लिहिताना हे सुटावे, याचे नवल वाटते.

तालमींबद्दलही थोडे. आधी गायकांची पियानोवर तालीम, वाद्यवृंदाची वेगळी, मग दोघांची अभिनयाविना बसून आणि शेवटी रंगीत तालीम. घोळ होतो तो बहुधा पियानोवरून वाद्यवृंदावर येताना. पियानो दाबताक्षणी बोलतो. खालच्या सुरातल्या डबल बास, ट्युबाला उमटायला क्षणभर लागतो. पियानोची सवय झालेला गायक मग पुढे पळतो. बसून जमलेला दमसास जिना चढताना पुरत नाही, ते वेगळेच. तिथे गायकाच्या तोंडाकडे बघून मात्रा ताणावी लागते. हात खाली येतो ती सम खरी, पण लय ठरते त्याआधी हात वर जाताना. त्या दोन हालचालींचा वेग जुळला नाही, तर व्हायोलिने आणि बास वेगवेगळे उठतात. मग दोष वादकांच्या माथी मारला जातो!

एक विनंती : ऑपेराचे परीक्षण छापताना गायकांबरोबर संचालक आणि कोरसप्रमुख यांचीही नावे द्यावीत.

– एक वाचक, दादर, मुंबई