जपानी माणसाचं "चोत्तो" आणि मोबाईलचं भाषांतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

"मोबाईल सगळं भाषांतर करून देतो, मग परदेशी भाषेत डिग्री घेऊन वर्षं कशाला घालवायची" असं एका वाचकांनी विचारलंय. वाचून हसूच आलं, कारण माझं पोटच जपानी भाषेवर चालतं.

एक किस्सा सांगते. मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी विचारलं, माल पुढच्या महिन्यात मिळेल का? समोरचे जपानी गृहस्थ जरा थांबले, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले "चोत्तो..." बस्स, वाक्य तिथंच सोडलं. साहेबांच्या मोबाईलवर आलं "थोडं". साहेब खूश, थोडा तरी माल येतोय म्हणून! अहो तो चक्क नकार होता. आपण उसने पैसे मागणाऱ्याला "बघू" म्हणतो ना, तसला. हे मला डिक्शनरीत नाही सापडलं, सेकंड इयरला बाईंनी अख्खा तास फक्त अर्धवट सोडलेल्या वाक्यांवर घेतला होता आणि तेव्हा आम्ही मागच्या बाकावर जांभया देत होतो, खोटं कशाला बोलू.

जपानीच्या एन-५ ते एन-१ किंवा जर्मन-फ्रेंचच्या ए-१ ते सी-२ लेव्हलच्या परीक्षा क्लास लावूनही होतात, आणि नोकरीला आधी तेच सर्टिफिकेट बघतात हे मान्य. पण भाषा अशी का झाली हे युनिव्हर्सिटीतच निवांत कळतं. १८६८ नंतर, मेइजी सम्राटाच्या काळात, जपान्यांनी पाश्चात्य पुस्तकं धडाधड भाषांतरित केली तेव्हा कित्येक कल्पनांना त्यांच्याकडे शब्दच नव्हता, मग निशी आमाने या विद्वानांनी फिलॉसॉफीसाठी दोन चिनी चित्राक्षरं जोडून "तेत्सुगाकु" घडवला आणि तीच दोन अक्षरं पुढे चिनी भाषेनेही उचलली, फक्त उच्चार वेगळा. एका शब्दात केवढा इतिहास!

आणि आपली मराठी पण नव्याने दिसायला लागते हो. "तोक्यो नि इकिमासु" म्हणजे "टोकियोला जाते", शब्दाला शब्द, क्रियापद शेवटी, "ला" नामाच्या मागून. जपान्यांच्या "काना" लिपीची अक्षरमाला का, सा, ता, ना, हा, मा अशी जाते, तो क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आलाय. "आम्ही" आणि "आपण" यातला फरक तर मला जन्मात जाणवला नव्हता, जर्मन शिकणाऱ्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा ट्यूब पेटली. जर्मनमध्ये दोन्हीला एकच "वीर", समोरचा माणूस त्यात धरलाय की नाही ते संदर्भावरून ओळखायचं.

तक्रारही आहे. आमचा संस्कृतीचा पेपर म्हणजे किमोनो, चहा, चेरीची फुलं, नोट्स उतरवा आणि पाठ करा. असंच शिकवणार असाल तर त्या वाचकांचं बरोबर आहे, मोबाईल बरा.

मीटिंगचं पुढे काय झालं? मी साहेबांना हळूच खुणावलं, त्यांनी दोन महिन्यांनंतरची तारीख विचारली. या वेळी "हाय" आलं. साहेब लगेच हात मिळवायला उठले. पण "हाय" म्हणजे "हो" की नुसतंच "ऐकतोय", हे विचारायला मला आणखी तीन प्रश्न विचारावे लागले.

आपली,
एक दुभाषी