रंगभूमी दिनी शाळेच्या स्टेजचे माप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात आणि जानेवारीअखेर आटोपतात. नेपथ्याची चौकशी मात्र बहुतेक शाळांकडून कार्यक्रमाला आठ-दहा दिवस राहिले की येते. तोवर नाटक बसलेले असते, कपडेपट ठरलेला असतो, मंडपवाल्याला विसार गेलेला असतो. मग उरलेल्या दिवसांत उरलेल्या पैशांत जे होईल ते, म्हणजे मागे एक मोठा फ्लेक्स, एवढेच नेपथ्य मुलांच्या वाट्याला येते. शालेय नाटकांची नेपथ्ये करणाऱ्या आम्हा लहान व्यावसायिकांची शाळांना एक विनंती आहे. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग झाला, त्या आठवणीने ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. त्याच दिवशी शाळेने आपल्या स्टेजचे माप घ्यावे आणि नेपथ्याचे काम सांगून टाकावे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सहा आठवडे हाताशी राहतात आणि तेवढे पुरतात.

माप म्हणजे नुसती रुंदी आणि खोली नव्हे. पडदा उघडल्यावर दिसणारी रुंदी, झालरीखालची उंची, दोन्ही विंगांत प्रत्यक्ष किती जागा मोकळी आहे, प्लग कुठे आहेत, जमीन कसली आहे, हे सारे लिहून हवे. हॉल वरच्या मजल्यावर असेल, तर जिन्याच्या वळणाचेही माप हवे. दहा फुटी फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेला नेपथ्याच्या भिंतीचा तुकडा, अरुंद जिन्यात वळत नाही आणि हे नाटकाच्या सकाळी कळले तर करवत चालवण्याखेरीज उपाय नसतो. शाळेसाठी आठ फूट उंच आणि चार फूट रुंद फ्लॅट योग्य. ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा हौदा सुमारे सात फुटांचा असतो, त्यातून फूटभर बाहेर आला तरी आठ फुटी माल नीट बांधून नेता येतो. दहा फुटीसाठी मोठी गाडी लागते आणि भाडे वाढते. पाचवी-सहावीतल्या मुलांमागे आठ फुटांची भिंत पुरेशी उंचही दिसते.

वीस फूट रुंदीच्या स्टेजवर घर उभे करायला असे आठ फ्लॅट पुरतात. तीन मागच्या भिंतीला, दोन्ही बाजूंना दोन-दोन. बाजूचे फ्लॅट काटकोनात लावायचे नाहीत, प्रेक्षकांकडे उघडत आणायचे. नाहीतर कडेच्या खुर्च्यांवरच्या पालकांना अर्धे घर दिसत नाही. मागे बारा फूट, पुढे वीस फूट आणि खोली सात फुटांच्या आसपास, असा आकार होतो आणि पुढचे अर्धे स्टेज नाचांसाठी मोकळे राहते. आठवा फ्लॅट दाराच्या मागे आडोसा म्हणून. तो नसला की दार उघडताक्षणी विंगेत उभी असलेली पुढच्या नाचातली मुले सगळ्या सभागृहाला दिसतात.

एका फ्लॅटला अडीच इंच रुंद, एक इंच जाड अशी वाळलेली पाइनची पट्टी सुमारे ३३ फूट लागते. दोन उभ्या, वर-खाली दोन आडव्या, मध्ये एक आडवी आणि कोपऱ्यांत दोन तिरक्या. खालची आडवी पट्टी सलग चार फुटांची ठेवावी आणि उभ्या पट्ट्या तिच्यावर टेकवाव्यात. उलट केले, तर फ्लॅट ओढताना उभ्या पट्टीचे टोक फाटते. कोपऱ्यांवर पाठीमागून सहा मिलिमीटर प्लायचे त्रिकोण स्क्रूने बसवतात. ते बाहेरच्या कडेपासून पट्टीच्या जाडीइतके आत सोडायचे, म्हणजे एक फ्लॅट दुसऱ्याला काटकोनात जोडताना फट राहत नाही. घाईच्या कामात हा इंच विसरला जातो आणि मग सांध्यातून मागचा दिवा दिसतो.

कापड मांजरपाट, ५४ इंच पन्ह्याचे. चार फुटांना ४८ इंच लागतात, उरलेले तीन-तीन इंच दोन्हीकडे मागे वळवायला. आठ फ्लॅटना २२ मीटर घ्यावे. कोरे कापड ताणून ठोकले आणि त्यावर खळ दिली की ते आटते, फ्रेमला पीळ पडतो आणि तो फ्लॅट पुन्हा कधी सरळ उभा राहत नाही. म्हणून कापड आधी भिजवून वाळवायचे. आम्ही ते साध्या पाण्यात भिजवत नाही. दहा लिटर पाण्यात ७०० ग्रॅम बोरॅक्स आणि ३०० ग्रॅम बोरिक अॅसिड विरघळवून त्यात बुडवतो, त्यामुळे कापड सहजासहजी पेट घेत नाही. हे काम हातमोजे घालून कारखान्यातच करायचे, मुलांच्या हाती द्यायचे नाही. वाळल्यावर एक पट्टी कापून, मोकळ्या जागी उभी धरून काडी लावून पाहावी. काडी बाजूला केल्यावर ज्योत आपोआप विझली पाहिजे. कापड पुन्हा पाण्याने धुतले गेले, तर हा गुण निघून जातो. वरची खळ सरसाची द्यावी, कारण बोरॅक्सला फेविकॉल लागले की त्याच्या गुठळ्या होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. शाळेच्या हॉलमध्ये पडदे, फ्लॅट, दिवे आणि दोनशे मुले एकत्र असतात. नेपथ्य ठरवताना ‘कापड आगीपासून सुरक्षित केले आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकांनी विचारावा. आठ दिवसांत काम मागितले की हीच पायरी सर्वांत आधी गाळली जाते, कारण भिजवून वाळवलेले कापड आणि न भिजवलेले कापड लांबून सारखेच दिसते.

रंग पाण्यात कालवायचा, डिस्टेंपरसारखा. ऑइलपेंट दिव्याखाली चकाकतो आणि वाळायला वेळ घेतो. फ्लेक्सचीही हीच अडचण आहे. समोरचा दिवा त्यावर पडला की मध्यभागी पांढरा डाग उमटतो आणि चित्रच दिसत नाही. शिवाय त्यावर शाळेचे नाव नि साल छापलेले असते, म्हणजे पुढच्या वर्षी तो छपरावर गळती झाकायला जातो. कापडी फ्लॅट मात्र पुन्हा रंगवता येतो. पाच-सहा थर चढल्यावर कापड जड होते, रंगाचे पापुद्रे सुटतात, तेव्हा नवे कापड लावायचे. फ्रेम तीच राहते. झाड, खडक, मूर्ती यांसाठी काही शाळा अजून थर्माकोल मागतात. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा आणि कागदाचा लगदा यांतून तेच काम होते. लगद्याला वाळायला मात्र दिवस लागतात, आणि मुद्दा पुन्हा तारखेवर येतो.

उभारणीत सर्वाधिक चुका टेकूंच्या होतात. शाळांची स्टेजे फरशीची किंवा सिमेंटची असतात, तिथे खिळा ठोकता येत नाही. आठ फुटी फ्लॅटला टेकू साडेपाच फुटांवर लागला पाहिजे, त्याचा पाय साडेतीन-चार फूट मागे आणि त्यावर दहा-बारा किलोची वाळूची पिशवी. पिशवी दुहेरी हवी, सांडलेल्या वाळूवर नाचणारी मुले घसरतात. विंगेत तेवढी जागा नसली की टेकू सरळ उभा लावला जातो आणि असा फ्लॅट पुढे पडतो. दाराचा फ्लॅट वेगळा भक्कम करावा. उंबऱ्याच्या जागी लोखंडी पट्टी, दोन्ही बाजूंना टेकू, आणि दार प्रेक्षकांपासून दूर, मागच्या बाजूला उघडणारे. दार आपटले आणि सगळे घर हलले, की प्रेक्षक हसतात आणि मूल वाक्य विसरते. मुलांसाठी लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा उंच चौथरा, करताना १८ मिलिमीटर प्लायखाली दर दोन फुटांवर आधार द्यावा. मुले लेव्हलवर नुसती उभी राहत नाहीत, एकदम उड्या मारतात.

मैदानावरच्या मंडपात आणखी काळजी हवी. संध्याकाळच्या वाऱ्यात फ्लॅट शिडासारखे फुगतात, म्हणून ते मंडपाच्या खांबांना दोन ठिकाणी बांधलेच पाहिजेत. रात्रभर उघड्यावर राहिले, तर दवाने डिस्टेंपर ओघळतो. झटपट दृश्ये बदलायला तीन फ्लॅटचा चाकांवर फिरणारा त्रिकोण उत्तम. चार फुटी फ्लॅटच्या त्रिकोणाला फिरायला पावणेपाच फूट व्यासाची जागा लागते. मंडपाच्या फळ्यांच्या फटींत आणि जाजमाच्या सुरकुत्यांत त्याची चाके अडकतात, म्हणून तो हॉलमध्येच वापरावा.

आता पैशांचे. लाकूड, प्लाय, कापड आम्ही रोखीने आणतो. शाळांचे बिल बऱ्याचदा मार्चमध्ये, कधी त्यानंतर निघते. काम सांगतानाच निम्मी रक्कम मिळाली, तर लाकूड चांगले वाळलेले घेता येते, ओले स्वस्त लाकूड घ्यावे लागत नाही. काही शाळा जीएसटी क्रमांक नसला की बिल परत पाठवतात. वर्षाची उलाढाल सेवांसाठी वीस लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीची सक्तीच नसते, त्यामुळे साधे बिल देणारा कारागीर काही चुकीचे करत नाही. एकाच संस्थेच्या चार शाखा असतील, तर त्यांनी तारखा आठवड्याच्या अंतराने ठेवून आठ फ्लॅटचा एकच संच विकत घ्यावा. मग दरवर्षी खर्च येतो तो फक्त रंगाचा, वाहतुकीचा आणि उभारणीचा. सगळ्यांनी एकच शनिवार धरला, तर आमच्याकडे माणसेही पुरत नाहीत आणि फ्लॅटही.

संच घेतला, तर तो जिन्याखाली टाकू नये. सरसाच्या खळीला ओल लागली की बुरशी येते आणि उंदीर कापड कुरतडतात. फ्लॅट विटांवर, जमिनीपासून चार इंच वर, उभे ठेवावेत. रंगाची बाजू रंगाच्या बाजूला आणि प्रत्येकाच्या पाठीवर खडूने क्रमांक. फ्लॅट एकमेकांना जोडणाऱ्या बिजागऱ्यांच्या सुट्या पिना एका डब्यात घालून तो डबा पहिल्या फ्लॅटलाच बांधून ठेवावा. पुढच्या ५ नोव्हेंबरला पहिली शोधाशोध त्या पिनांचीच होते.

आपले,
शालेय रंगभूमीसाठी नेपथ्य करणारे काही व्यावसायिक,
सांगली-मिरज