शनिपाराजवळच्या घड्याळवाल्या काकांचे आभार

बाबांचं एचओ मापाचं मॉडेल रेल्वेचं इंजिन (खऱ्याच्या १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) कित्येक वर्षं माळ्यावर पडून होतं. वर्षश्राद्धाला ते फिरवायचं ठरवलं, तर १२ व्होल्ट देऊनही नुसतं गुरगुरलं. ग्रीसचा पार डिंक झालेला. त्यात मी उघडायला गेलो आणि मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशची स्प्रिंग उडाली ती गेलीच. दुकानात म्हणाले, नवीनच घ्या.

काका, तुमच्यापुढे संकोचतच डबा ठेवला. "चाकंच आहेत की," म्हणून तुम्ही डोळ्याला भिंग लावलंत. धातूचे भाग पेट्रोलमध्ये, प्लास्टिकचे गिअर मात्र साबणाच्या पाण्यात. कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या मोटरच्या फिरत्या कड्याच्या) खाचांतली काजळी दातकोरणीने काढलीत, बारीक तारेची स्प्रिंग वळून बसवलीत. तेल सुईच्या टोकावर राहील एवढंच! (मी आजवर थेंब थेंब ओतत होतो.)

झाकणाच्या आत बाबांनी चिकटवलेली चिठ्ठी होती: 'तेल दिलं, दिवाळी ९८'. गिऱ्हाईकं खोळंबलेली असताना ती तुम्ही ओल्या कापसाने हळूहळू सोडवलीत, वाळवलीत आणि घड्याळाच्या पाकिटात घालून माझ्या हातात दिलीत. पैसे घेतले नाहीत.

इंजिन फिरलं, काका. सोमवारी व्हिडिओ दाखवायला येतोय. चहाला नाही म्हणू नका.