फाशीचा शब्द न देणाऱ्या वकील मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सेशन कोर्टात ज्यांनी तुम्हाला आमच्यासोबत पाहिलं ते बरोबर ओळखतील. ताईच्या केसचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही सगळे इतके थकून गेलो होतो की नीट थँक्यू पण म्हटलं नाही, आणि नंतर फोन हातात घेतला की काय बोलावं तेच सुचत नव्हतं, म्हणून आज लिहून राहिली आहे.

ताईला मारणाऱ्याला जन्मठेप झाली. मोहल्ल्यात अजूनही विचारतात, फाशी काऊन नाही झाली, कमी पडले का तुम्ही लोकं? आता मी थांबून उत्तर देते, आणि ते उत्तर तुमच्याकडून शिकले.

सुरुवातीचे दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. चौकात बॅनर लागलं, कॅन्डल मार्च निघाला, नेते घरी येऊन फोटो काढून गेले आणि जो तो बाबांना शब्द देऊन गेला की आरोपीला फासावर चढवल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही. बाबांनी तेच मनात धरलं. तुमच्यासमोर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मॅडम, त्याले फाशी झाली पायजे, मले दुसरं काही नको." सगळे म्हणत होते तसं तुम्ही "होईल हो काका" म्हटलं असतं तर आम्ही खूष होऊन घरी गेलो असतो. तुम्ही तसं म्हटलं नाही. तुम्ही एक कोरा कागद घेतला आणि फाशी म्हणजे काय काय होतं ते वरून खाली लिहून दाखवलं. सेशन कोर्टाने फाशी दिली तरी हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय देता येत नाही, मग सुप्रीम कोर्ट, मग पुनर्विचार याचिका, क्युरेटिव्ह म्हणजे त्याच कोर्टात अगदी शेवटची याचिका, मग राज्यपाल, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, आणि तिथे विनाकारण फार उशीर झाला तर त्याच कारणावरून फाशीची जन्मठेप होऊ शकते असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय. म्हणजे कितीतरी वर्षं दर तारखेला टीव्हीवर ताईचा फोटो, आणि दर वेळी आईने तो पाहायचा. हे आम्हाला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही १९८० च्या बच्चन सिंग केसबद्दल सांगितलं, की जन्मठेप हा नियम आणि फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, आणि कोर्टाला नुसता गुन्हा नाही तर गुन्हेगाराचं वय, परिस्थिती, तो सुधारू शकतो का हे पण पाहावं लागतं. त्यावर बाबा भडकले, "अन् माया पोरीचं वय कोन पायन?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला तेव्हा ते फार बरं वाटलं, कारण त्या प्रश्नाला उत्तर नाहीच आणि तुम्ही उगाच एखादं कलम तोंडावर फेकलं नाही.

वर्धा रोडवरच्या जेलवरून आपण नागपूरवाले रोज जातो. २०१५ च्या ३० जुलैला याकूब मेमनला तिथे फाशी झाली, त्याच पहाटे सुप्रीम कोर्ट उघडून सुनावणी झाली होती, आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर होते. ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच जेलमधून २०२३ च्या मार्चमध्ये एक माणूस बाहेर आला हे मला तुमच्याकडून कळलं. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात त्याला फाशी झाली होती, सुप्रीम कोर्टाने २००० साली ती कायम पण केली होती, आणि २०२३ मध्ये त्याच कोर्टाने शाळेचं रेकॉर्ड पाहून मान्य केलं की घटनेच्या वेळी तो १२ वर्षांचा होता. २८ वर्षं आत होता तो. आणि ते सहा जण, नाशिककडच्या केसमधले, भटक्या जमातीतले, ज्यांना सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सहाच्या सहा जणांना फाशी दिली आणि २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष सोडलं! मला त्या सहा जणांइतकंच ज्यांच्या घरची माणसं मेली त्यांच्याबद्दल वाटत राहिलं. इतकी वर्षं त्यांना सांगितलं गेलं की न्याय झाला, आणि शेवटी हाती काय आलं? भलत्यालाच लटकवून ताईला न्याय मिळाला म्हणणं मला जमलं नसतं.

आमच्या घरात बाबासाहेबांचा शब्द शेवटचा. तुम्ही बाबांना संविधान सभेतलं १९४९ च्या जूनमधलं बाबासाहेबांचं बोलणं वाचायला दिलंत, ज्यात ते म्हणतात की फाशीच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील. बाबांनी ते दोनदा वाचलं. पण लगेच मानलं नाही हां. ते म्हणाले, खैरलांजीत दलित कुटुंबाला मारलं त्या वेळी २००६ मध्ये आम्ही रस्त्यावर होतो, भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांले फाशी देल्ली अन् २०१० मध्ये इथल्याच खंडपीठाने ती काढून २५ वर्षं केली, दरवेळी आमच्याच लोकांनी कायदा समजून घ्यायचा का? तुम्ही म्हणालात, काका तुमचा राग खोटा नाही, तक्रार लिहून घ्यायला पण आपल्या माणसाला भांडावं लागतं. आणि मग सांगितलं की फासाच्या कोठडीत पण शेवटी गरीबच जास्त बसलेत, दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीने २०१६ ला रिपोर्ट काढला त्यात फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या कमजोर घरचे निघाले. चांगला वकील ज्याला परवडतो तो तिथपर्यंत पोचतच नाही.

मला फाशी नको, हे मी आता उघड बोलते. ताईचा जीव गेला म्हणून मला फाशीच मागायला पाहिजे असं कोणी ठरवू नये.

निकालानंतर लोकं म्हणायला लागले हायकोर्टात जा, शिक्षा वाढवून मागा. तुम्ही सांगितलं की शिक्षा कमी वाटली म्हणून आपल्याला स्वतः अपील करता येत नाही, ते सरकारने करायचं असतं. आणि जन्मठेप म्हणजे १४ वर्षं हे जे सगळीकडे ऐकू येतं ते पण तुम्ही खोडलंत, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, १४ वर्षांच्या आत सूट देता येत नाही आणि त्यानंतरही सुटका आपोआप होत नाही, सरकारला तसा निर्णय घ्यावा लागतो. बाबांना हे ऐकून जितका धीर आला तितका एकाही मोर्च्याने आला नव्हता.

आणि ताईच्या पोरीचं. नुकसानभरपाई मिळू शकते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा असतो हे बॅनर लावणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं किंवा सांगावंसं वाटलं नाही. तुम्ही फॉर्म भरला, झेरॉक्स स्वतः काढून आणल्या, आमच्याकडून फीचा रुपया घेतला नाही. पैसे तिच्या नावावर बँकेत आहेत, ती सायन्सला गेली.

आईचं मत मात्र बदललेलं नाही, ती आजही म्हणते त्याला फाशीच व्हायला पाहिजे होती, आणि तुम्ही तिला कधी समजवायला गेला नाहीत त्याबद्दल वेगळं थँक्यू. ती विचारत असते की त्या वकीलबाई जेवायला कधी येतील. एखाद्या रविवारी या ना मॅडम, पोरीला पण तुम्हाला भेटायचंय, तिला बारावीनंतर लॉ करायचं म्हणते आणि तिचे प्रश्न मला झेपत नाहीत.

तुमची,
ताईची धाकटी बहीण