पावसात साचे, दसऱ्यानंतर रेझिन

ओसाका, 4 जुलै

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या व्हिडिओ गेम मशीनचे फोटो मिळाले. प्लायवूडची पेटी धड आहे, स्क्रीनही उजळतोय. राहिला प्रश्न प्लास्टिकचा, म्हणजे बटणांचा आणि खेळायच्या दांड्यावरच्या गोळ्याचा. 30 मिलिमीटरची साधी बटणं आणि 35 मिलिमीटरचा गोळा सान्वा, सेमित्सु या जपानी कंपन्या अजून बनवतात. ते सरळ विकत घे, त्यांचे साचे काढणं आतबट्ट्याचं. तुझी लाल बटणं मात्र लीफ स्विचची, म्हणजे दोन पितळी पट्ट्या टेकवून चालणारी आहेत आणि गोळा फुटपट्टीवर 40च्या आसपास दिसतो. हे दोनच ओतून घ्यायचे.

आता क्रम. सिलिकॉनचे साचे पावसात कर, पण त्यांत ओतायच्या पॉलियुरेथेन रेझिनला, म्हणजे घट्ट होणाऱ्या पातळ प्लास्टिकला, दसऱ्याआधी हात लावू नकोस. त्याच्या एका भागात आयसोसायनेट असतं. हवेतलं पाणी लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बटण आतून जाळीदार होतं. आषाढात वेंगुर्ल्यात मीठसुद्धा डब्यात पाझरतं, तिथे रेझिनची काय कथा! उलट आपल्याकडे वापरायचं ते टिन क्युअर सिलिकॉन, म्हणजे मोठा डबा आणि कॅटॅलिस्टची (ते घट्ट करणाऱ्या रसायनाची) छोटी बाटली मिळते ते, दमट हवेत जरा लवकरच जमतं. दोन सारख्या डब्यांतलं प्लॅटिनम सिलिकॉन नको. लेटेक्सचे हातमोजे, गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, थ्रीडी प्रिंटरचं रेझिन, यांतलं काहीही लागलं तरी ते चिकटच राहतं.

गोळ्याचा मूळ नमुना टवका उडालेला आहे. तो भरत बसण्यापेक्षा सावंतवाडीला चितारआळीत जा. खेळणी कातणाऱ्याला असा गोळा किरकोळ काम आहे. लाकूड सुकं हवं. 400 आणि मग 1000 नंबरचा पॉलिशपेपर, वर लाखेचे तीन पातळ हात. लाकडाची रंध्रं उघडी राहिली तर त्यांतली हवा सिलिकॉनमध्ये चढते आणि साच्यावर खड्डे पडतात.

साच्यासाठी 60 मिलिमीटर घनाची अॅक्रिलिकची पेटी कर, म्हणजे गोळ्याभोवती चहूकडून 10 मिलिमीटर भिंत राहते. गोळा निम्मा शाडूत बसव आणि कडेला चार खुणेचे खड्डे ठेव, नाहीतर दोन्ही भाग सरकतात. या कामाला गणपतीच्या शाळेतला कुणी हाताशी घे. साच्याच्या दोन भागांचा सांधा कुठे ठेवायचा हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. पेटीत 216 मिलिलिटर मावतं, गोळ्याचे साडेतेहतीस वजा, म्हणजे सुमारे 210 ग्रॅम सिलिकॉन. कॅटॅलिस्ट 3 टक्के असेल तर सव्वासहा ग्रॅम, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाणच खरं. निम्मं आज ओतायचं. दुसऱ्या दिवशी शाडू काढून सिलिकॉनच्या तोंडावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा आणि मग बाकीचं. व्हॅसलिन विसरलास तर दोन्ही भाग एकजीव होतील आणि गोळा आतच राहील. ओतताना धार बारीक, एकाच कोपऱ्यातून.

बटणाची गोष्ट वेगळी आहे. तिथे सगळा जीव खालच्या शेपटीत आहे. बटण दाबलं की शेपटी पितळी पट्टीला ढकलते आणि ती दुसऱ्या पट्टीला टेकते. शेपटी अर्धा मिलिमीटर कमी पडली तर खेळणारा बटण ठोकत बसतो आणि गोळी सुटत नाही. जास्त झाली तर पट्ट्या कायमच्या चिकटतात. रेझिन आकसतं, सिलिकॉनही थोडं आकसतं, म्हणून मूळ बटण साच्यात घालण्याआधी शेपटीच्या टोकाला एपॉक्सी पुट्टीचा एक मिलिमीटर थर चढव. ओतल्यावर बटण जागेवर बसवून तो पॉलिशपेपरवर हळूहळू उतरव. उलटं करता येत नाही. बाजूने घासत असेल तर तिथेही पेपर. बोट काढल्यावर बटण आपसूक वर आलं पाहिजे. आणि पट्ट्या खाऱ्या हवेने काळवंडल्या असतील, तर आधी त्या साफ कर. फुकट बटणाला दोष नको.

दसऱ्यानंतर कोरडं ऊन पडलं की ओतायला घे. टिन क्युअरच्या नव्या साच्यातून अल्कोहोल सुटत असतं आणि ते रेझिन नीट जमू देत नाही. म्हणून साचा उघडा ठेवून दोन दिवस जाऊ दे, मग 60 अंशांवर चार तास तापवून थंड कर. गोळ्याला 40 ग्रॅम रेझिन लागेल. दोन्ही भाग समान वजनाचे असतील तर वीस-वीस, पण आधी बाटलीवर बघ, काहींचं प्रमाण वजनाने वेगळं असतं. रंग तेलातला पेस्ट, एक टक्का पुरे. पाण्यातला रंग घातलास की पुन्हा फेस. कालवून झालं की दुसऱ्या कपात ओतून परत कालव, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं राहतं आणि गोळ्यावर तेच चिकट डाग होतात. हात चालव, दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं. दांड्याचे आटे मोजून तसाच पितळी नट घे, मेण लावलेल्या बोल्टवर चढवून साच्यात मधोमध टांग. नट गुळगुळीत असेल तर कानसीने खाचा पाड, नाहीतर गोळ्यात तो गरागरा फिरेल.

बुडबुडे दाबायला प्रेशर पॉट, म्हणजे हवेच्या दाबाचं बंद भांडं लागतं, 40 पीएसआय दाबाचं. त्यात ओतायचं असेल तर साचाही त्याच दाबाखाली जमवलेला हवा. नाहीतर सिलिकॉनमधले दडलेले बुडबुडे दाबाने चेपतात आणि गोळ्यावर पुळ्या उठतात. पॉट नसेल तर राहू दे, गोळ्याला चालतं. घरच्या कुकरला कॉम्प्रेसर जोडण्याचा विचारही करू नकोस.

हे सगळं खळ्यात किंवा पडवीत, घरात नाही. आबांना दमा आहे, आयसोसायनेट त्यांच्या वाऱ्यालाही नको. तुला सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज मास्क आणि नायट्राइलचे मोजे. कापडी मास्कचा उपयोग शून्य. वजनकाटा वेगळा आण, वहिनीचा घेतलास तर तो परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

शेपटीची लांबी, बटणाचा व्यास आणि दांड्याच्या आट्यांचा फोटो व्हर्नियरसकट (मापाच्या सरकपट्टीसकट) पाठव. कॅटॅलिस्टची जुनी बाटली देत असतील तर घेऊ नकोस. आबांना आणि वहिनीला नमस्कार.

तुझा,
बाळकाका