मसुराच्या गावातून आई-बाबांना

रोझटाउन, सास्काचेवान
16 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि बाबांना शि. सा. नमस्कार,

रोज व्हिडिओ कॉल होतो तरी पत्र लिहितेय, कारण मागच्या रविवारी बाबा एक वाक्य बोलले आणि लगेच लाईट गेली तुमच्याकडची, मग ते वाक्य माझ्याकडेच राहिलं आठवडाभर. "तुझ्या त्या गावच्या वाटाण्यानं आमच्या तुरीचा भाव खाल्ला." बाबा, तुम्ही रागानं नाही बोललात हे मला माहितीय, थकून बोललात. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं, जी तूर उभी राहिली ती रानाच्या खालच्या अंगाला मरायला लागली, आणि वर बाजारात हमीभावाच्या खाली बोली. त्यात पोरगी बसलीय कॅनडात, जिथून जहाजं भरून वाटाणा येतो. मला उत्तर द्यायचं होतं पण फोनवर ते नीट आलं नसतं.

हे गाव कसं आहे ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. बर्फाचे फोटो पाठवले, छोटूचे स्केटिंगचे व्हिडिओ पाठवले, बास. आई, तू विचारतेस ना "तिथं माणसं दिसतात की नाही गं", तर दिसतात. अडीच हजाराच्या आसपास वस्ती आहे, म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम खेडं. सास्काटूनपासून गाडीनं सव्वा तास, रस्ता इतका सरळ की पुढच्या गावचं धान्याचं एलेव्हेटर, म्हणजे उंच कोठार, वीस मिनिटं आधीपासून दिसत राहतं. सगळी जमीन मैल-मैलाच्या चौकोनात आखलेली. एक चौकोन 640 एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा 160 एकर, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारनं तो हिस्सा 10 डॉलर फी घेऊन बाहेरून आलेल्या लोकांना दिला, अट एवढीच की तिथं राहायचं, घर बांधायचं आणि जमीन फोडायची. त्याआधी इथं बायसनचे कळप होते आणि इथली मूळ माणसं होती, त्यांच्या हातून ही जमीन कशी गेली हे आता शाळेतसुद्धा मुलांना सांगतात, छोटूनं घरी येऊन मला विचारलं होतं की मग ते लोक कुठे गेले. मी जे माहीत होतं ते सांगितलं, पण पोटात तुटलं माझ्या.

बाबा, मातीचं सांगते, तुम्हाला ते आवडेल. या भागातली माती भारी चिकण आहे. रंग आपल्याइतका काळा नाही, करडा आहे, पण वागते अगदी आपल्या काळ्या रानासारखी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की बुटाला चिकटून एकेक पाय दोन किलोचा होतो. इथले लोक तिला गंबो म्हणतात. पहिल्या वर्षी मे महिन्यात पावसानंतर एका शेताच्या कडेला उतरले आणि तो वास आला ना, मी तिथंच उभी राहिले, तुमचे जावई गाडीतून हाका मारतायत आणि मला वाटतंय मी औशाच्या रस्त्यावर मृगाच्या पहिल्या पावसात उभी आहे. पाऊस मात्र आपल्याहून निम्मासुद्धा नाही, साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातही बर्फ धरून. मे महिन्यात पेरायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात काढायचं, मधे थंडीनं मारलं नाही, गारपीट झाली नाही तर.

गहू तर आहेच, पण इथं मसूर आणि वाटाणा खूप, आणि हे जुनं नाही. पूर्वी गहू घ्यायचे आणि ओल साठावी म्हणून जमीन एक वर्षाआड पड ठेवायचे. मग 1972 साली सास्काटूनच्या विद्यापीठात डॉ. अल स्लिंकार्ड नावाचे शास्त्रज्ञ आले, त्यांनी मसुरावर काम केलं, 1978 मध्ये लेअर्ड नावाचं वाण काढलं आणि मग एस्टन. एस्टन हे इथून जवळच्याच गावाचं नाव आहे बरं का. तुमच्याकडे बदनापूरच्या केंद्राचं तुरीचं वाण बीडीएन 711 जसं आलं आणि तुम्ही गावात सगळ्यांच्या आधी पेरलंत, तसंच. पडीक वर्ष गेलं, डाळ आली, आणि डाळीच्या मुळांवरच्या गाठींनी जमिनीला नत्र मिळालं. पण खाणारं कोण? इथल्या जुन्या लोकांच्या घरात मसुराची आमटी कुठली असायला. ते पिकवतात आणि ते आपल्याकडे, तुर्कस्तानात, बांगलादेशात जातं. आई, तू किराणा दुकानातून लाल मसूर आणतेस ना, त्यातला बराच इकडून येतो.

सकाळी इथल्या कॅफेत म्हातारे शेतकरी जमतात, त्याला कॉफी रो म्हणतात. आपला पारच तो. मारुतीचं देऊळ नाही आणि तंबाखू नाही एवढंच. टोप्या घालून बसतात, पावसाचं बोलतात, भावाचं बोलतात, कोणाच्या पोरानं शेत विकायला काढलं ते बोलतात. मी फार्मसीत काम करते त्यामुळे यातल्या प्रत्येकाच्या बीपीच्या गोळ्या मला पाठ आहेत, म्हणून मला बघून खुर्ची सरकवतात. पहिल्यांदा बसले तेव्हा एका आजोबांनी, ऐंशीच्या पुढचे आहेत, विचारलं तुझे वडील काय करतात. मी म्हटलं शेतकरी आहेत, सहा एकर, तूर आणि सोयाबीन आणि थोडा हरभरा. ते "सहा एकर" ऐकून हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "सहा एकरांवर तुला फार्मसिस्ट केलं?" आणि गप्प झाले. बाबा, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, सहा वर्षं झाली.

तुम्ही म्हणता एवढी जमीन असणारा कसला शेतकरी, तो जमीनदार. मलाही आधी तेच वाटायचं. इथं एकेका शेताची सरासरी सतराशे एकरांवर आहे. पण त्या सतराशे एकरांमागे कर्ज आहे, एका कंबाइनला, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्राला, आपल्या रुपयात कोटींमध्ये पैसे जातात, आणि राबणारे हात कोण तर नवरा, बायको, एखादा मुलगा. दुसरं म्हणजे जमीन एकेकाकडे जमत गेली तशी माणसं गेली. 1936 साली या प्रांतात 1 लाख 42 हजार शेतं होती, आता 34 हजार आहेत. म्हणजे एवढ्या घरांतला उजेड गेला. फिरायला गेलं की रानात मधेच चार झाडं आणि एक मोडकी पांढरी शाळा दिसते, आजूबाजूला कोणी नाही. आपल्याकडे जमिनीचे तुकडे होत होत माणूस पुण्याला जातो, इथं तुकडे जोडत जोडत गेला. दोन्हीकडे म्हातारेच मागे राहिलेत.

म्हणूनच की काय, जे राहिलेत ते एकमेकांना धरून आहेत. रस्त्यात समोरून गाडी आली की ओळख असो नसो, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. फायर ब्रिगेड म्हणजे गावातलेच लोक, हातातलं काम टाकून धावतात, मसुराच्या भुशानं कंबाइन पेटते ना कधीकधी. ऑक्टोबरमध्ये फॉल सपर असतं, चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जेवतं, टर्की, बटाटा, युक्रेनी लोकांचे कोबीचे रोल, आणि फळं भरून भाजलेल्या गोड 'पाय' इतक्या की टेबल दिसत नाही. या वर्षी मी तुझ्या पद्धतीनं मसुराची आमटी केली होती आई, लसणाची फोडणी देऊन, काळा मसाला घातला पण हात राखून. मोठं पातेलं होतं, तळाशी काही राहिलं नाही. एक बाई म्हणाल्या, चाळीस वर्षं आम्ही हे पिकवतोय आणि आज पहिल्यांदा कळलं याचं काय करतात. त्यांना मी रेसिपी लिहून दिली, काळ्या मसाल्याची पुडीपण दिली, तर तू पुढच्या वेळी जास्त पाठव.

आणि इर्जिक, बाबा! आजोबा सांगायचे ना, एखाद्याचं काम अडलं की सगळं गाव आपापली औतं घेऊन जायचं. ती इथं अजून आहे. परवाच्या ऑगस्टमध्ये एकाचं हार्टचं ऑपरेशन झालं, पीक उभं, तर एका सकाळी त्याच्या रानात दहा कंबाइन ओळीनं उतरल्या, ट्रक आले, बायकांनी सँडविच आणि कॉफी शेतावर नेली, आणि रात्रीपर्यंत सगळं कोठारात. त्याची बायको माझ्याकडे औषधं न्यायला आली होती त्या दिवशी, काउंटरवर हात ठेवून रडली. मी बाहेर येऊन तिला धरून उभी राहिले, दुसरं काय करणार.

परवा 11 नोव्हेंबरला युद्धात गेलेल्यांचा दिवस झाला. अकरा वाजता गाव जमलं, एकेक नाव वाचलं. एवढ्याशा गावातून किती पोरं गेली, आणि आडनावं तीच, जी मी औषधाच्या पिशव्यांवर रोज लिहिते.

आता भावाचं. बाबा, 2017 आठवतं? आधी तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती म्हणून सगळ्यांनी तूर पेरली, आणि मग भाव पडले. तुम्ही क्विंटलला 5050 च्या हमीभावाच्या आशेनं खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून चार रात्री झोपलात, आणि मग बारदाना संपला म्हणून परत पाठवलं. मी डबा घेऊन आले होते, तुम्ही डबा उघडलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीनं बाहेरून येणाऱ्या वाटाण्यावर 50 टक्के ड्युटी लावली, डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर 30 टक्के. ते तुमच्यासाठी होतं आणि ते हवंच होतं, मी आजही तेच म्हणेन. पण कॉफी रोवरचे हे आजोबा मला सांगत होते की त्या हिवाळ्यात त्यांची कोठारं भरलेली राहिली, मुलानं ट्रक चालवायला सुरुवात केली आणि तो पुन्हा शेतीत आला नाही. मग डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा ड्युटीफ्री झाला, इथं पेरा वाढला, आणि तुमच्याकडे बेसनात वाटाणा जायला लागला नि हरभरा-तुरीला कोणी विचारेना. आता या 1 नोव्हेंबरपासून पुन्हा 30 टक्के. पेरताना कायदा वेगळा, विकताना वेगळा, दोघांनाही कोणी विचारत नाही. इथला माणूस सकाळी उठून फोनवर दिल्लीची बातमी बघतो बाबा, आणि तुम्हीही तेच बघता, साडेअकरा तास आधी. तुमची बाजू सोडून मी इथली बाजू घेतेय असं समजू नका. तुमचं सहा एकर आहे, उद्या भाव पडला तर तुमच्याकडे सावरायला काही नाही, त्यांच्याकडे विमा आहे, बँक आहे. तुमच्या घामाला आधी भाव मिळाला पाहिजे. मला फक्त एवढंच सांगायचंय की तुमचा भाव खाणारा माणूस मी शोधला, आणि तो या कॅफेत बसलेला नाही.

मागच्या शनिवारी मी त्यांना सांगितलं की माझ्या वडिलांची तूर पाणी साचून मरतेय, मुळं काळी पडतायत. तर सगळं टेबल माझ्याकडे वळलं. इथं वाटाणा आणि मसुराला मूळकूज येते, अफॅनोमायसिस म्हणतात, ओल्या वर्षी शेतच्या शेत पिवळं पडतं आणि त्यावर औषध असं नाहीच, सहा ते आठ वर्षं त्या रानात तो वाटाणा-मसूर घ्यायचा नाही म्हणतात. त्या आजोबांनी कागद मागितला, पेन मागितलं, आणि प्रश्न लिहायला बसले, हात थरथरतो त्यांचा. तुमचे वडील मधे काय पीक घेतात, ज्वारी लावली तर मर कमी होते का, पाणी काढायला सऱ्या कशा पाडतात, बियाण्याला काय चोळतात. मी म्हटलं ट्रायकोडर्मा, ती मित्रबुरशी, चोळतात आणि रुंद वरंब्यावर पेरतात, पण किती ग्रॅम आणि वरंबा किती रुंद ते मला नाही सांगता आलं. ते म्हणाले, मग त्यांनाच विचारू या.

तर बाबा, येत्या शनिवारी तुमच्याकडे रात्री साडेआठ वाजता, म्हणजे आमच्याकडे सकाळी नऊ, फोन चार्ज करून ठेवा. आई, तू तिथं असावीस, नाहीतर हे कॅमेरा छताकडे धरतात. मी मधे बसून मराठीत सांगेन, इंग्रजीची काळजी करू नका. आणि जमलं तर दुपारीच खालच्या अंगाचं एक मेलेलं झाड मुळासकट उपटून आणून ठेवा, त्यांना मूळ बघायचंय.

तुमची,
ताई

ता. क. आईच्या थायरॉइडच्या गोळ्या उपाशीपोटीच, चहाच्या आधी. विसरू नका.