आयव्हरी कोस्टमधल्या कोरोगोच्या तांतीला आभाराचं पत्र

तीर्थस्वरूप तांतीस,
वेंगुर्ल्याहून साष्टांग नमस्कार.

तांती म्हणजे तुमच्याकडची मावशी, म्हणून मीही तुला तांतीच म्हणतो. तुझ्या अंगणातून निघताना मी फक्त ‘ई नी चे’ म्हणालो. तुमच्या बाजारातल्या जुला भाषेत आभाराचे तेवढेच शब्द मला येत होते. ‘तू आणि तुझं काम’ असा त्यांचा अर्थ, हे तुझ्या नातवाने नंतर सांगितलं. राहिलेलं आता माझ्या भाषेत लिहितोय. फोनवर मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगेन, तो तुला समजावेल.

आमच्या कारखान्यांना कोकणातली काजूबी वर्षभर पुरत नाही. म्हणून तुमच्या आयव्हरी कोस्टची घ्यावी लागते. जगात सगळ्यात जास्त बी आज तुमच्याकडेच पिकते. फेब्रुवारीत खरेदीला आलो तेव्हा हरमाटन वाऱ्याची धूळ, खाली तांबडी माती, वर काजूचा मोहर. घरीच आल्यासारखं वाटलं, आणि या बीतलं मला सगळं कळतं असंही वाटलं.

मार्चमध्ये अवकाळी सर पडली. भाव रोज चढत होता, मालकाचे फोन येत होते आणि मी पोती भरायला घेतली होती. तू आलीस, ढिगात कोपरापर्यंत हात घातलास आणि तळातली मूठभर बी सिमेंटच्या खळ्यावर सोडलीस. थप् आवाज आला. मग कडेची वाळलेली बी सोडलीस, ती खडखडली. एक शब्द बोलली नाहीस. पोती रिकामी केली, तीन दिवस ऊन दिलं. नंतर किलोभर बी कापून पाहिली, तर गर पांढराशुभ्र. तशीच बोटीत चढवली असती तर वाटेतच काळी पडली असती आणि माझी नोकरी गेली असती.

तापाने फणफणलो त्या रात्री तू मोटारसायकलवर मला मधे धरून दवाखान्यात नेलंस, सकाळपर्यंत बाकावर बसून राहिलीस. ते लिहायला लागलो की डोळे भरतात.

पण सगळ्यात जास्त आभार शियाच्या झाडांसाठी, ज्यांच्या बियांचं तुम्ही लोणी काढता. साठच्या दशकात जमिनीची धूप थांबवायला तुमच्याकडे काजू लावला, पुढे त्याला पैसा आला आणि शेताशेतातली शिया तुटत गेली. तुझ्या काजूत मात्र ती खडबडीत सालीची झाडं उभी आहेत. ती तोडून काजू का लावत नाहीस, असं मी विचारलं. तू माझा तळवा सालीवर टेकवलास आणि सांगितलंस, हे कुणी लावलेलं नाही, राखलेलं आहे. शियाला पहिलं फळ धरायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. ते पडतं पावसाच्या तोंडावर, कणग्या रिकाम्या होतात तेव्हा. काजूचा पैसा पुरुषांच्या खिशात जातो, शियाच्या लोण्याचा बायकांच्या पदरात राहतो. हा हिशोब मला कुठल्याच खरेदीच्या वहीत दिसला नव्हता.

परत आलो आणि परसातली दोन जुनी रतांब्याची झाडं, जी तोडून तिथे वेंगुर्ला-७ या काजूच्या वाणाची कलमं लावायचं ठरलं होतं, ती तशीच ठेवली.

तू दिलेलं लोणी आई रात्री टाचांच्या भेगांना लावते. ते पाहून म्हणाली, ‘ह्या तर आपल्या मुठेलासारख्याच!’ रतांब्याच्या बियांचं तेल काढून आम्ही असेच गोळे वळतो. यंदा तिने चार गोळे जास्तीचे वळलेत, तुझ्या नावाचे. फेब्रुवारीत घेऊन येतो.

तुझा,
वेंगुर्ल्याचा काजूवाला